माँटेसरी पद्धतीतील भूगोल शिक्षण

माँटेसरी पद्धतीतील भूगोल शिक्षण म्हणजे साधारणपणे अडीच-तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना पृथ्वी, खंड, देश आणि भूरूपे यांची ओळख हाताळण्याजोग्या साहित्यातून करून देण्याची पद्धत होय. इटालियन वैद्य व शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या शिक्षणविचारातून ती विकसित झाली. खरखरीत व रंगीत पृथ्वीगोल, भूमी व जल यांच्या रूपांची तबके, लाकडी कोडे-नकाशे, ध्वज आणि खंडपेट्या हे तिचे प्रमुख साहित्य आहे. प्रथम संपूर्ण पृथ्वी, नंतर खंड आणि त्यानंतर खंडातील देश असा या पद्धतीचा क्रम असतो. घर, परिसर, गाव, जिल्हा असा जवळून दूर जाणारा जो क्रम प्राथमिक शाळांत रूढ आहे, त्याच्या तो नेमका उलट असल्यामुळे बालशिक्षणात या दोन क्रमांविषयी दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत.

पार्श्वभूमी

लहान मुलांना भूगोल शिकवण्याचा विचार माँटेसरी यांच्या बराच आधीचा आहे. सतराव्या शतकातील मोरावियन शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनिअस यांनी आईच्या मांडीवरील शिक्षणातच भूगोलाचा आरंभ होतो, असे मत मांडले होते. डोंगर, दरी, शेत, नदी, गाव या गोष्टी मुलाने प्रत्यक्ष पाहून ओळखणे हाच त्यांच्या मते भूगोलाचा पहिला पाठ होता. त्यांचे १६५८ साली प्रसिद्ध झालेले ‘ऑर्बिस सेन्सुआलिअम पिक्टस’ हे पुस्तक मुलांसाठी तयार केलेल्या आरंभीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांपैकी एक मानले जाते.

नकाशाचे लाकडी तुकडे जोडून देश ओळखण्याची कल्पना अठराव्या शतकात रूढ झाली. लंडनमधील नकाशा-कोरक जॉन स्पिल्सबरी यांनी १७६६ च्या सुमारास लाकडी फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापून विकण्यास सुरुवात केली. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच यांनीही असे नकाशे वापरले होते. आज मनोरंजनासाठी जोडली जाणारी चित्रकोडी याच शैक्षणिक नकाशांपासून निर्माण झाली.

स्विस शिक्षणतज्ज्ञ योहान हाइन्‌रिख पेस्तालोत्सी (१७४६–१८२७) यांच्या इव्हेर्दाँ येथील शाळेत मुले परिसरातील दरीत फिरून येत, तिथली माती आणत आणि त्या मातीतून दरीचा उठावाचा नमुना घडवीत. नकाशा त्यानंतर दाखवला जाई. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. खेळ, ठोकळे व बागकाम यांतून निसर्गाची ओळख करून देण्यावर त्यांचा भर होता.

माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत ‘कासा देई बांबिनी’ हे बालगृह सुरू केले. तेथे ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणासाठी वापरलेल्या साहित्याची तत्त्वे पुढे भाषा, गणित आणि भूगोल या विषयांनाही लागू करण्यात आली. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. दुसऱ्या महायुद्धात इटली ब्रिटनविरुद्ध उतरल्यावर १९४० साली शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांचे पुत्र मारिओ यांना स्थानबद्ध करण्यात आले व खुद्द माँटेसरी यांच्या हालचालींवर निर्बंध आले. माँटेसरी यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, मारिओ यांची सुटका झाली. पुढे कोडाईकॅनल येथील वास्तव्यात मारिया, मारिओ आणि श्रीलंकेतील लीना विक्रमरत्ने यांनी मुलांबरोबर निसर्ग व भूगोल या विषयांवर विस्तृत काम केले. विश्व, पृथ्वी, जीवसृष्टी आणि मानव यांचे परस्परसंबंध एका सूत्रात मांडणारी ‘विश्वशिक्षण’ ही कल्पना याच काळात स्पष्ट झाली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टू एज्युकेट द ह्यूमन पोटेन्शियल’ या पुस्तकात तिचे विवेचन आढळते. या कल्पनेचा मुख्य विस्तार सहा ते बारा या वयोगटासाठी आहे. बालवाडीतील भूगोल ही तिची पूर्वतयारी समजली जाते.

मूलभूत तत्त्वे

संपूर्णाकडून भागाकडे. आपण राहतो ती पृथ्वी गोल आहे व तिच्यावर जमीन, पाणी आणि हवा आहे, ही गोष्ट मुलाला सर्वप्रथम सांगितली जाते. खंड आणि देश हे त्या संपूर्णाचे भाग म्हणून नंतर येतात. भागाचे नाव संपूर्णाच्या आधी शिकवल्यास ते नाव मुलाच्या मनात अधांतरी राहते, अशी यामागील भूमिका आहे.

हातातून बुद्धीकडे. देश किंवा भूरूप यांचे नाव सांगण्यापूर्वी त्याचा आकार मुलाच्या हाताला परिचित व्हावा, असे मानले जाते. म्हणून नावे न सांगताही मूल कितीतरी दिवस कोडे-नकाशा जोडत राहू शकते.

एका वेळी एकच अडचण. प्रत्येक साहित्यात एकच गोष्ट नवीन असते. खरखरीत गोलावर फक्त जमीन व पाणी यांतील फरक दाखवलेला असतो. रंगीत गोलावर खंड दिसतात, पण देश नसतात.

त्रिपदी पाठ. नावे शिकवण्यासाठी फ्रेंच वैद्य एद्वार सेगँ यांच्याकडून घेतलेली तीन पायऱ्यांची रीत वापरली जाते. पहिल्या पायरीत शिक्षिका वस्तू दाखवून तिचे नाव सांगते. दुसऱ्या पायरीत नाव उच्चारून ती वस्तू दाखवण्यास किंवा आणून देण्यास सांगते. तिसऱ्या पायरीत वस्तू दाखवून मुलाला तिचे नाव विचारते. एका वेळी दोन-तीनच नावे घेतली जातात. मूल अडखळल्यास चूक न दाखवता आधीच्या पायरीकडे परतावे, असा संकेत आहे.

स्वयंसुधार. कोडे-नकाशाचा तुकडा चुकीच्या जागी बसत नाही. त्यामुळे चूक मुलाला स्वतःच कळते आणि शिक्षिकेने दुरुस्ती करण्याची गरज राहत नाही.

साहित्य

खरखरीत पृथ्वीगोल

या लहान गोलावर जमिनीचा भाग खरखरीत कागदाचा किंवा वाळूचा आणि पाण्याचा भाग गुळगुळीत व निळा असतो. मूल त्यावरून बोटे फिरवते आणि जमीन व पाणी यांतील भेद स्पर्शाने अनुभवते. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी अधिक आहे, ही गोष्ट कोणी न सांगताच त्याच्या लक्षात येऊ शकते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे.

रंगीत पृथ्वीगोल

दुसऱ्या गोलावर प्रत्येक खंडाला ठरावीक रंग असतो आणि तोच रंग पुढील सर्व साहित्यात कायम ठेवला जातो. प्रचलित रंग पुढीलप्रमाणे आहेत :

– आशिया : पिवळा
– आफ्रिका : हिरवा
– युरोप : लाल
– उत्तर अमेरिका : नारिंगी
– दक्षिण अमेरिका : गुलाबी
– ऑस्ट्रेलिया किंवा ओशनिया : तपकिरी
– अंटार्क्टिका : पांढरा

हे रंग केवळ संकेत आहेत. त्यांचा त्या प्रदेशातील माती, वनस्पती किंवा माणसांच्या वर्णाशी काहीही संबंध नाही, हे मुलांना स्पष्ट सांगणे आवश्यक मानले जाते. खंडांची संख्या हाही एक संकेतच आहे. भारतात सात खंड शिकवले जातात, तर लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत उत्तर व दक्षिण अमेरिका मिळून एकच खंड मानण्याची रीत आहे.

गोलाकडून नकाशाकडे

गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी येते, हा मुलांच्या दृष्टीने कठीण प्रश्न असतो. त्यासाठी मातीचा गोळा करून त्यावर खंडांचे आकार चिकटवतात, तो मधोमध कापतात आणि दोन्ही अर्धे दाबून चपटे करतात. त्यातून दोन वर्तुळांचा गोलार्ध-नकाशा तयार होतो. संत्र्याची साल सोलून पसरवण्याचा प्रयोगही केला जातो. साल फाटल्याशिवाय सपाट होत नाही, यावरून प्रत्येक सपाट नकाशात थोडी ओढाताण असतेच, याची पुसट जाणीव मुलांना होते. मर्केटर प्रक्षेपणावर आधारलेल्या भिंतीवरील नकाशात ग्रीनलंड जवळजवळ दक्षिण अमेरिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात दक्षिण अमेरिकेचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे आठपट आहे. गोल आधी आणि नकाशा नंतर या क्रमामुळे असा गैरसमज टाळता येतो.

भूमी व जल यांची रूपे

या साहित्यात तबकांच्या जोड्या असतात. एका तबकात जमिनीचा जो आकार असतो, तोच दुसऱ्या तबकात पाण्याचा असतो. तबकांत निळे पाणी ओतले की बेट आणि सरोवर ही एकमेकांची उलट रूपे आहेत, हे मुलाला दिसते. नेहमीच्या जोड्या आणि त्यांची भारतीय उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत :

– बेट व सरोवर : माजुली; लोणार
– द्वीपकल्प व आखात : काठियावाड, खंबायतचे आखात
– भूशिर व उपसागर : कन्याकुमारी, बंगालचा उपसागर
– संयोगभूमी व सामुद्रधुनी : संयोगभूमीसाठी पनामा, पाल्कची सामुद्रधुनी
– द्वीपसमूह व सरोवरसमूह : लक्षद्वीप; सरोवरसमूहासाठी उत्तर अमेरिकेतील पंच महासरोवरे

तबके हाताळून झाल्यावर मुले मातीतून ही रूपे स्वतः घडवतात. त्यानंतर तीन भागांची कार्डे येतात. एका कार्डावर चित्र व नाव, दुसऱ्यावर केवळ चित्र आणि तिसऱ्यावर केवळ नाव असते. वाचू लागलेली मुले त्यांच्या जोड्या लावतात. ‘चारही बाजूंनी पाणी असलेली जमीन म्हणजे बेट’ यांसारख्या व्याख्या सर्वांत शेवटी येतात.

कोडे-नकाशे

लाकडी चौकटीत बसणाऱ्या या नकाशांतील प्रत्येक तुकड्याला धरण्यासाठी लहान मूठ असते. अनेक संचांत ती मूठ त्या देशाच्या राजधानीच्या जागी बसवलेली असते. आधी जगाचा नकाशा दिला जातो. त्यात प्रत्येक खंड हा एक तुकडा असतो. नंतर एकेका खंडाचा नकाशा येतो आणि त्यात प्रत्येक देश हा एक तुकडा असतो. मूल प्रथम चौकटीतच नकाशा जोडते, मग चौकटीबाहेर चटईवर मांडते. पुढे तुकड्याभोवती पेन्सिल फिरवून, रंगवून व नावे लिहून ते स्वतःचा नकाशा तयार करते. हे शेवटचे काम साधारणपणे पाच वर्षांच्या पुढील मुले करतात.

खंडपेटी व ध्वज

प्रत्येक खंडासाठी त्याच्या ठरलेल्या रंगाची पेटी किंवा फाइल ठेवली जाते. तिच्यात त्या खंडातील घरे, अन्न, वेश, प्राणी, वनस्पती व भूरूपे यांची छायाचित्रे, नाणी, कापडाचे तुकडे आणि लहान वस्तू असतात. नकाशावरील आकार हा माणसांचा प्रदेश आहे, याची जाणीव मुलांना या पेटीमुळे होते. ध्वज देशाच्या तुकड्यावर ठेवण्याचा खेळ मुलांना विशेष आवडतो.

उदाहरण : दक्षिण अमेरिका

खंडाची ओळख करून देताना आशियानंतर कोणता खंड घ्यावा, याचे बंधन नाही. दक्षिण अमेरिका हा खंड बालवर्गासाठी सोयीचा ठरतो. त्यात १२ सार्वभौम देश आणि फ्रान्सच्या ताब्यातील फ्रेंच गियाना हा प्रदेश आहे. कोडे-नकाशाचे तुकडे त्यामुळे मोजकेच असतात. आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश आहेत व त्यांतील काही तुकडे अतिशय लहान असतात.

देशांचा परिचय आकारापासून सुरू होतो. ब्राझील हा सर्वांत मोठा तुकडा असून त्याने खंडाचा जवळजवळ अर्धा भाग व्यापला आहे. चिली व इक्वेडोर वगळता खंडातील इतर सर्व देशांना तो भिडतो. चिली हा लांबट पट्टीसारखा तुकडा मुले सर्वांत आधी ओळखू शकतात. बोलिव्हिया व पॅराग्वे हे तुकडे काठावर कोठेच येत नाहीत. यावरून समुद्रकिनारा नसलेला देश ही कल्पना व्याख्येविना समजते. ध्वजांपैकी कोलंबिया, इक्वेडोर व व्हेनेझुएला या शेजाऱ्यांच्या ध्वजांत पिवळा, निळा व लाल हे तीन मुख्य रंग असल्यामुळे त्यांतील साम्य व फरक शोधण्याचा खेळ घेता येतो.

भूरूपांच्या दृष्टीनेही हा खंड समृद्ध आहे. तबकांतून शिकलेली बहुतेक रूपे येथे नकाशावर सापडतात. उत्तरेला पनामाची संयोगभूमी त्याला उत्तर अमेरिकेशी जोडते. दक्षिण टोकाला मॅगेलनची सामुद्रधुनी मुख्य भूमीला तिएरा देल फुएगो या बेटापासून वेगळे करते. फर्डिनांड मॅगेलन यांनी १५२० साली या सामुद्रधुनीतून प्रवास केला होता. पेरू व बोलिव्हिया यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१२ मीटर उंचीवर तितिकाका सरोवर आहे. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्प, इक्वेडोरचे गालापागोस द्वीपसमूह आणि दक्षिणेकडील हॉर्न भूशिर ही आणखी उदाहरणे होत. पश्चिम किनाऱ्यालगत सुमारे ७,००० किलोमीटर पसरलेली अँडीज पर्वतरांग मातीच्या नकाशावर बोटांनी चिमटून उभी करता येते. तिच्यातील आकोन्काग्वा हे शिखर ६,९६१ मीटर उंच असून आशियाबाहेरील सर्वोच्च शिखर आहे. अँडीजच्या एका बाजूस अत्यंत कोरडे आताकामा वाळवंट आणि दुसऱ्या बाजूस ॲमेझॉनचे घनदाट पर्जन्यवन आहे. मातीच्या नमुन्यावर झारीने पाणी शिंपडले असता ते उतारावरून कोणीकडे वाहते, हे पाहून नद्यांची दिशा समजते.

मराठी मुलांच्या बाबतीत या खंडाचा धागा स्वयंपाकघरापर्यंत आणता येतो. बटाटा हे मूळचे अँडीज परिसरातील पीक आहे. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. काजूचे झाड ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी गोव्यात आणले. ‘काजू’ व ‘अननस’ हे शब्दही दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांतून पोर्तुगीजमार्गे मराठीत आले आहेत. भुईमूगही याच खंडातला. पेरू हा देश आणि पेरू हे फळ यांतील नामसाम्य देशाचे नाव लक्षात ठेवण्यास उपयोगी पडते. गयाना व सुरिनाम या देशांत भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. करारबद्ध मजूर म्हणून त्यांचे पूर्वज अनुक्रमे १८३८ व १८७३ पासून तेथे नेले गेले. गयानाचे खेळाडू वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघातून खेळतात, ही गोष्टही मुलांना त्या देशाच्या जवळ नेते.

मुलांची नकाशाविषयीची समज

लहान मुलांना नकाशा कितपत समजतो, याविषयी विसाव्या शतकात बरेच संशोधन झाले. त्याचे निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि ॲन-मारी वेल यांनी १९५१ साली जिनिव्हातील मुलांच्या मातृभूमीविषयीच्या कल्पनांवर अभ्यास प्रसिद्ध केला. जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आहे, हे वाक्य म्हणू शकणारी लहान मुलेही आपण एकाच वेळी जिनिव्हाचे व स्वित्झर्लंडचे असू शकतो, हे मान्य करीत नसत. शहर देशात सामावलेले असते, ही समावेशाची कल्पना सात-आठ वर्षांच्या आधी सहसा पक्की होत नाही, असे त्यांना दिसले. देशांची नावे पाठ होणे आणि देश म्हणजे काय हे समजणे, या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे यावरून स्पष्ट होते.

याउलट अमेरिकन भूगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्लाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांत, शाळेत नकाशा शिकवला जाण्यापूर्वीच मुले हवाई छायाचित्रांतील घरे व रस्ते ओळखू शकतात, असे आढळले. जुडी डिलोश यांनी १९८७ मध्ये एका खोलीच्या लहान प्रतिकृतीत खेळणे लपवून मुलांना तेच खेळणे खऱ्या खोलीत शोधण्यास सांगितले. तीन वर्षांपुढील मुलांना ते सहज साधले, तर अडीच वर्षांच्या मुलांना बहुतांशी साधले नाही. प्रतिकृती ही स्वतः एक वस्तू असून दुसऱ्या कशाचे तरी प्रतीकही आहे, हे दुहेरी भान या काही महिन्यांत येते.

लिन लिबेन व रॉजर डाउन्स यांनी दाखवून दिले की, नकाशा ओळखणाऱ्या मुलांचाही काही बाबतींत घोटाळा होतो. नकाशावर लाल रेषेने दाखवलेला रस्ता प्रत्यक्षातही लाल असेल, असे काही मुलांना वाटे. रेषा इतकी अरुंद असताना तिच्यावरून दोन मोटारी कशा जातील, अशीही शंका येई. आफ्रिका हिरवी व आशिया पिवळा दाखवणाऱ्या साहित्याच्या बाबतीत ही निरीक्षणे महत्त्वाची ठरतात. रंग व आकार यांचा अर्थ मुलाने काय घेतला आहे, हे त्याच्याशी बोलूनच समजते.

मतभेद व टीका

जवळून दूर की संपूर्णाकडून भागाकडे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ लूसी स्प्रेग मिचेल यांनी ‘यंग जिऑग्राफर्स’ (१९३४) या पुस्तकात मुलाच्या भूगोलाचा आरंभ त्याच्या सभोवतालच्या जगापासून व्हावा, असे प्रतिपादन केले. रस्ता, बंदर, दूध कोठून येते, गाडी कोठे जाते या प्रश्नांतून आणि ठोकळ्यांनी परिसराची मांडणी करण्यातून मूल संबंध शोधू लागते, असे त्यांचे मत होते. दूरच्या खंडांची नावे या वयात अर्थहीन राहतात, हा या विचारपरंपरेचा आक्षेप आहे. माँटेसरी पद्धतीच्या समर्थकांच्या मते तीन ते सहा या वयात मुलाला नावांची विलक्षण ओढ असते आणि कल्पनाशक्ती परिसरात अडकून पडत नाही. हत्ती किंवा चंद्र यांविषयी ऐकणाऱ्या मुलाला ब्राझीलविषयीही ऐकता येते. व्यवहारात अनेक बालवाड्या दोन्ही क्रमांचा मेळ घालतात. वर्गात पृथ्वीगोल असतो आणि शाळेच्या अंगणाचा नकाशाही मुले करतात.

पाठांतराचा धोका. देशांची व राजधान्यांची नावे घडाघडा म्हणून दाखवणारे मूल पालकांना कौतुकास्पद वाटते. प्रदर्शनासाठी केलेले असे पाठांतर या पद्धतीच्या मूळ हेतूशी विसंगत आहे. साहित्य हाताळण्याची वेळ मुलाने स्वतः निवडावी आणि नावे त्याच्या कुतूहलातून यावीत, अशी तिची अपेक्षा आहे.

साचेबंद प्रतिमा. खंडपेटीत आफ्रिका म्हणजे सिंह व झोपडी, दक्षिण अमेरिका म्हणजे लामा व पिसांचा मुकुट अशीच चित्रे ठेवली, तर पहिल्याच ओळखीत पूर्वग्रह रुजतो. आफ्रिका हा एक देश आहे, असा समजही त्यातून पसरतो. म्हणून शहर व खेडे, शाळा, बाजार, रेल्वे अशी आजच्या जीवनाची छायाचित्रे ठेवावीत आणि प्रत्येक छायाचित्रावर देशाचे नाव असावे, अशी सूचना केली जाते.

सीमांचे प्रश्न. लाकडी नकाशा दीर्घकाळ टिकतो, पण सीमा बदलतात. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाल्याने त्यापूर्वीचे आफ्रिकेचे संच कालबाह्य ठरले. परदेशी बनावटीच्या आशियाच्या संचांत भारताची सीमा, विशेषतः जम्मू-काश्मीर व लडाख या भागात, भारताच्या अधिकृत नकाशाहून वेगळी असू शकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमान्वये (१९९० च्या दुरुस्तीसह) दंडनीय अपराध आहे. त्यामुळे भारतातील शाळांना संच तपासून घ्यावे लागतात.

खर्च. रंगीत लाकडी संच महाग असतात आणि ग्रामीण किंवा सार्वजनिक बालवाड्यांना ते सहसा परवडत नाहीत. माँटेसरी पद्धत मूळ श्रमिकांच्या मुलांसाठी सुरू झाली असली, तरी भारतात ती पुष्कळदा सधन वर्गाच्या शाळांपुरती राहिली, ही टीका याच्याशी जोडलेली आहे.

भारतातील व महाराष्ट्रातील परंपरा

गुजरातमध्ये गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी पुढे माँटेसरी पद्धत महाराष्ट्रात रुजवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्यासह १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले. ही दोन्ही ठिकाणे आजच्या पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात आहेत.

विकत घेतलेल्या साहित्याऐवजी परिसरातील दगड, बिया, शंख-शिंपले, पाने व माती यांपासून साहित्य तयार करणे हे या कार्याचे वैशिष्ट्य होते. मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या ताराबाईंच्या कल्पनेतून अंगणवाडी हा शब्द व प्रयोग पुढे आला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली व तिची केंद्रे अंगणवाडी या नावानेच देशभर ओळखली जातात.

भूगोलाच्या साहित्यालाही हा स्वदेशी दृष्टिकोन लागू करता येतो. पसरट थाळीत चिकणमाती व निळीचे पाणी घेऊन सर्व जलभूरूपे घडवता येतात. जाड पुठ्ठ्यातून कोडे-नकाशा कापता येतो आणि अंगणात रांगोळीने खंडांचे आकार काढून त्यांवर मुलांना उभे करता येते. महाराष्ट्रात दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. त्यात डोंगर, उतार, बुरूज, तळे व पायवाट यांची मांडणी असते. उठावाच्या नमुन्याचा हा पारंपरिक प्रकार कोणत्याही विकतच्या साहित्याविना मुलांच्या हाती आधीपासूनच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानण्यात आला असून त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळ, वस्तू हाताळणे व परिसराचा शोध यांवर भर आहे.

हेही पहा

– मारिया माँटेसरी
– ताराबाई मोडक
– अनुताई वाघ
– गिजुभाई बधेका
– फ्रीड्रिख फ्रोबेल
– अंगणवाडी
– दक्षिण अमेरिका
– भूरूप
– नकाशा प्रक्षेपण